पॅलेस्टाइन: आपली मैत्री स्वस्तातली होती म्हणून टिकली का?

ओसरीवरचा (धागाकर्ता)

परवा जेवताना मुलाने विचारलं, "बाबा, भारत पॅलेस्टाइनच्या बाजूने आहे की इस्रायलच्या? एका वाक्यात सांगा." मला सांगता आलं नाही. आमटी गार झाली, वाक्य काही जुळेना. म्हणून हा काथ्याकूट.

१२ जून २०२५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातल्या युद्धबंदीचा ठराव आला. १४९ देश बाजूने, १२ विरोधात, १९ तटस्थ. आपण त्या १९ मध्ये. बरोबर तीन महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, द्विराष्ट्र तोडग्याचा न्यूयॉर्क जाहीरनामा मतदानाला आला. १४२ बाजूने, १० विरोधात. तिथे आपला हात वर. थोडं मागे जा. मे २०२४ मध्ये पॅलेस्टाइन पूर्ण सदस्यत्वाला पात्र आहे असा ठराव होता, आपण बाजूने. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलने व्याप्त प्रदेशावरचा ताबा बारा महिन्यांत सोडावा असा ठराव होता, आपण तटस्थ.

मला यात एक नियम दिसतो. "कधीतरी पॅलेस्टाइन व्हावं का?" असं विचारलं की आपण हो म्हणतो. "आज अमुक थांबवायचं का?" असं विचारलं की हात खिशात.

आता वादाचा मुद्दा. ही घसरण २०१४ नंतरची आहे, त्याआधी आपण तत्त्वाला धरून होतो, असं बरेच लोक मानतात. मी मानत नाही. १९७४ मध्ये पीएलओला, म्हणजे पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेला, पॅलेस्टिनी जनतेचा एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता देणारा पहिला अरबेतर देश आपला. १९७५ ला दिल्लीत त्यांची कचेरी, १९८० ला तिला पूर्ण राजनैतिक दर्जा. १५ नोव्हेंबर १९८८ ला अल्जीयर्समध्ये राज्याची घोषणा झाली आणि १८ तारखेला आपली मान्यता. सगळं खरं आणि अभिमानाचं. पण यातल्या प्रत्येक पावलासाठी तेव्हा आपल्या खिशातून काय गेलं? तेल अरबांकडे, आखातातल्या नोकऱ्या अरबांकडे, आमसभेतली गठ्ठा मतं अरबांकडे. तत्त्व आणि फायदा एकाच पिशवीत असले की नुसत्या तत्त्वाचं वजन किती, ते काट्यावर कळत नाही. २९ जानेवारी १९९२ ला नरसिंह रावांनी इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. त्या दिवसापासून पिशव्या वेगळ्या झाल्या, आणि आज काटा काय दाखवतोय ते आपण बघतोय.

माझं म्हणणं इतकंच. आपण बदललेलो नाही, आपली परीक्षा आत्ता कुठे सुरू झाली आहे, आणि पहिल्याच पेपरात आपण कोरी उत्तरपत्रिका देऊन बाहेर आलो.

---

तिरपागडा

"स्वस्तातली" हा शब्द खटकला. मी म्हणेन आपण पदरमोड करून ती मैत्री सांभाळली, आणि तीही समोरून काही येत नसताना.

१९६९ मध्ये रबातला इस्लामी देशांची परिषद भरली. आपल्याला बोलावणं आलं, फक्रुद्दीन अली अहमद शिष्टमंडळ घेऊन पोचले. पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि आपल्या मंत्र्याला परिषदेत न बसताच परतावं लागलं. १९७१ ला बहुतेक अरब राजधान्या पाकिस्तानच्या बाजूच्या. आणि त्यानंतर तीन वर्षांत आपण पीएलओला मान्यता देतो! इतकी पदरमोड आमच्या चुलत्यांनी भाऊबंदकीतही केली नाही.

उलट ज्याला आपण दाराबाहेर उभं ठेवलं त्या इस्रायलने १९६२ ला आणि १९७१ ला हत्यारं दिली. कारगिलच्या वेळी हवाई दलाला लेझरने नेम धरणाऱ्या बॉम्बसाठी लागणारी सामग्री दिली. तेव्हा कुणी आमसभेत भाषणं करत बसलं नव्हतं.

आणि डिसेंबर २०१७ आठवा. ट्रम्पने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हटलं, त्याविरुद्धच्या ठरावाला १२८ मतं पडली आणि त्यात आपलं मत होतं. मोदी सरकारचं मत, बरं का. त्याच महिन्यात पाकिस्तानातले पॅलेस्टिनी राजदूत रावळपिंडीत हाफिज सईदच्या व्यासपीठावर हजर. आपण निषेध केल्यावर त्यांनी खेद व्यक्त केला, राजदूत परत बोलावला, ते सगळं ठीक. पण मित्राला हे आधी सुचू नये?

राहता राहिला तुमचा नियम. १२ डिसेंबर २०२३ ला तातडीने युद्धबंदी करा असाच ठराव होता. १५३ बाजूने, १० विरोधात, २३ तटस्थ. आपण बाजूने होतो. "आज थांबवा" ला हात वर! नियम कोसळला की काका.

---

ओसरीवरचा

डिसेंबरचं बरोबर पकडलंत. मुद्दाम गाळलं नव्हतं, पण गळलं हे खरं. नियम कच्चा आहे, मान्य. रबातही मान्य, अपमानच होता तो. पण अपमान गिळणं आणि किंमत मोजणं यात फरक आहे. रबातनंतर आपण अरबांशी संबंध का तोडले नाहीत? तेल लागत होतं म्हणूनच ना? म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

---

आकडेमोड

दोघांच्याही हिशेबात एक चूक आहे. "अरब" आणि "पॅलेस्टिनी" एकाच खात्यात धरताय.

सप्टेंबर १९७० मध्ये जॉर्डनच्या राजाने पीएलओवर सैन्य सोडलं, हजारोंनी माणसं मेली. त्या वेळी जॉर्डनच्या बाजूला मदतीला एक पाकिस्तानी ब्रिगेडियर होता. नाव झिया उल हक. इस्लामी बंधुभाव वगैरे जे आपण गृहीत धरतो ते तिथे असं चाललं होतं. आपली गट्टी पीएलओच्या अराफतशी होती ती तो मुसलमान होता म्हणून नव्हे. तो अलिप्त चळवळीतला, सोविएतकडे झुकलेला, धर्मापेक्षा राष्ट्रवादाची भाषा बोलणारा होता म्हणून. आपल्याच पठडीतला माणूस.

मतांबद्दल. नियम शोधायचा नाद मलाही लागला होता. एक सिद्धान्त असा की ठरावात हमासचा निषेध असला की आपण बाजूने, नसला की तटस्थ. २७ ऑक्टोबर २०२३ ला जुळतं: त्या ठरावात हमासचं नाव नव्हतं, कॅनडाने ते घालायची दुरुस्ती सुचवली, आपण दुरुस्तीला मत दिलं, ती पडली, मग मूळ ठरावावर तटस्थ. न्यूयॉर्क जाहीरनाम्यालाही जुळतं, त्यात हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्याचा निषेध आहे. पण डिसेंबर २०२३ ला जुळत नाही. दुसरा सिद्धान्त, तटस्थांची गर्दी मोठी असली की आपण त्यात मिसळतो, विरळ झाली की बाहेर पडतो. ऑक्टोबरला ४५ तटस्थ होते, डिसेंबरला २३. जुळलं! मग जून २०२५ येतो, तटस्थ फक्त १९, आणि त्यात आपण. पुन्हा फिसकटलं.

थोडक्यात, डिसेंबर २०२३ ला बाजूने म्हटल्यावर जून २०२५ चं मतदान कुठल्याच एका नियमात बसत नाही.

---

तिरपागडा

बसतं. कॅलेंडर उघडा. २२ एप्रिल पहलगाम. ७ ते १० मे सिंदूर. त्या चार दिवसांत जगातले बहुतेक देश "दोन्ही बाजूंनी संयम पाळावा" असं म्हणत होते. भारताला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, असं उघड म्हणणाऱ्यांत इस्रायल होता. वापरलेल्या ड्रोनमध्ये इस्रायली बनावटीचे होते. पाच आठवड्यांनी मतदान. आता सांगा.

---

ओसरीवरचा

हेच! हेच मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. मग सरकारने असं म्हणावं ना. आपलं अधिकृत स्पष्टीकरण काय, तर संवाद आणि मुत्सद्देगिरीनेच प्रश्न सुटतात, दोन्ही बाजूंना जवळ आणलं पाहिजे. शेजाऱ्याने अडचणीत मदत केली म्हणून त्याच्या भांडणात गप्प बसलो, हे समजण्यासारखं आहे. त्यावर "आम्ही शांततेसाठी गप्प बसलो" अशी मखलाशी कशाला?

---

तिरपागडा

कारण परराष्ट्र खातं म्हणजे वाड्यावरची ओसरी नव्हे. (तुमच्या आयडीवर रोख नाही!)

---

फहाहील रिटर्न

मी इथे वाचनमात्र असतो. टंकायचा कंटाळा. पण राहवलं नाही.

१९८३ ते १९९० मी कुवेतला एका कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन होतो. त्या वेळी कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी असतील. शिक्षक, इंजिनिअर, हिशेबनीस, सगळा मधला कारभार त्यांच्या हातात. आमचे साहेब मूळचे नाब्लुसचे. फार कडक माणूस, रेघ चुकली तर कागद टरकावून द्यायचे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला रेडिओवर बातमी आली तेव्हा त्यांनी साइटवरचं ऑफिस बंद केलं आणि आम्हा सहा-सात हिंदी लोकांना बोलावून बिनसाखरेची कडू कॉफी दिली. त्यांच्याकडे सुतकात तशी देतात, हे मला मागून कळलं. अराफत अंत्ययात्रेला रडले हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल, पण माझ्या डोक्यात ती कॉफी आहे. आम्ही रत्नागिरीची पोरं, आम्हाला इंदिराबाई म्हणजे आणीबाणी आणि नसबंदी. या माणसाला त्या घरच्या का वाटाव्यात?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकचा सद्दाम कुवेतमध्ये घुसला. आम्ही बसरा, बगदाद करत अम्मानला पोचलो. तिथून एअर इंडियाने उचललं. सुमारे १ लाख ७० हजार भारतीय आणले त्या वेळी. बगदादपर्यंतचा ड्रायव्हर साहेबांनी ठरवून दिला, पैसे घेऊ दिले नाहीत.

तेव्हा "किंमत", "फायदा" हा हिशेब तुम्ही करा. पण त्या काळात हिंदी म्हटल्यावर पॅलेस्टिनी माणूस जो जागा करून द्यायचा, ती आपल्या सरकारच्या मतांनीच मिळवलेली होती. फुकट म्हणू नका.

---

तिरपागडा

काका, तुमच्या अनुभवाला नमस्कार. मनापासून. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगायला हवा. अराफतनी त्या वेळी सद्दामची बाजू घेतली. ज्या कुवेतने चार लाख लोकांना पोसलं त्याच्यावर हल्ला करणाऱ्याची बाजू! मुक्तीनंतर त्यातल्या बहुतेकांना कुवेत सोडावं लागलं. नेतृत्वाने चुकीच्या घोड्यावर पैसे लावले आणि तुमच्या साहेबांसारख्यांनी ते फेडले. अशा नेतृत्वाच्या मागे डोळे मिटून जायचं का, एवढाच माझा प्रश्न.

---

आकडेमोड

सद्दामला मिठी मारणाऱ्यांत आपले परराष्ट्रमंत्रीही होते. इंद्रकुमार गुजराल, ऑगस्ट १९९०, बगदाद. जगभर त्या फोटोवर टीका झाली. कारण काय, तर आपली माणसं अडकली होती. फहाहीलकाका परत आले त्यात त्या मिठीचाही वाटा असणार. तेव्हा मिठ्यांवरून कुणी कुणाला बोलू नये.

---

काडीसारू

पन्नाशीच्या आत प्रतिसादांत काश्मीर येतं की नाही, लावा पैज. मी खारे दाणे घेऊन बसलोय.

---

कडू कारलं

काडीसारूंची निराशा करत नाही.

ठरावांना सरसकट मतं देणाऱ्यांना एक विचारतो. सप्टेंबर २०२४ चा ठराव आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मतावर बेतलेला होता. ताबा बेकायदा आहे, इतक्या मुदतीत सोडा. ही भाषा आज दुसऱ्यासाठी मंजूर केलीत की उद्या कुणीतरी आपल्यासमोर तीच धरणार. इस्लामी सहकार्य संघटना दर वर्षी काश्मीरवर पत्रकं काढते. आपण १९७२ पासून म्हणतोय की आमचा प्रश्न आम्ही दोघं सोडवू, तिसरा नको. मग दुसऱ्यांच्या भांडणात तिसरा होऊन मुदती कशाला घालायच्या? तटस्थ राहणं हा भेकडपणा नाही, आपल्याच भूमिकेशी इमान आहे.

---

ओसरीवरचा

मुद्दा कडू आहे पण कच्चा नाही. तरी दोन्ही गोष्टी सारख्या कशा? काश्मीरचा माणूस भारताचा नागरिक आहे, त्याला मत आहे, पासपोर्ट आहे. नाब्लुसच्या माणसाला इस्रायलच्या निवडणुकीत मत नाही आणि स्वतःचं धड राज्यही नाही. आपणच "आमचं प्रकरण वेगळं आहे" असं जगाला सांगतो. मग वेगळं आहे तसं वागायला घाबरायचं कशाला? तटस्थ राहून आपण उलट दोन्ही प्रकरणं सारखी असल्याची कबुली देतो.

---

कडू कारलं

वेगळं आहे हे तुम्हाला आणि मला पटलेलं आहे. मतदानाच्या वेळी भाषा राहते, पटणं राहत नाही. ठरावाचा मसुदा वाचणारा वकील आपला मित्रच असेल असं नाही.

---

मलिदा

आयडीवरून काहींनी ओळखलं असेल, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. आजोळ अलिबागजवळ, नवगावच्या बाजूला. गावात आम्हाला शनवार तेलीच म्हणायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून. आत्या १९६८ मध्ये इस्रायलला गेली, आता अश्दोदला असते. अजून मराठीत शिव्या देते आणि मोजते पण मराठीतच.

इकडे सगळे १९९२ ला संबंध "सुरू झाले" म्हणताय. आपण इस्रायलला मान्यता १७ सप्टेंबर १९५० लाच दिली होती. १९५३ पासून मुंबईत त्यांचा वाणिज्यदूत होता. मुंबईतच, दिल्लीत नाही. लग्नाचं बोलावणं द्यायचं पण फोटोत घ्यायचं नाही, अशातला प्रकार. १९८२ मध्ये त्या वेळच्या वाणिज्यदूतांनी एका वर्तमानपत्राच्या मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली, तर त्यांना देश सोडायला लावला. तेव्हा मी शाळेत होते. बाबा आठवडाभर कुणाशी नीट बोलले नाहीत. आम्ही कुणाचेच दूत नव्हतो, पण शेजारचे आमच्याकडे बघायला लागले होते.

म्हणून जुन्या धोरणाला कुणी सोन्याचं म्हटलं की मला थोडं हसू येतं.

पण तिरपागडा, तुमच्या टाळ्यांनाही मी येणार नाही. ७ ऑक्टोबरनंतर आत्याचा फोन लागेना, दोन दिवस आमच्या घरात चूल नीट पेटली नाही. लागला तेव्हा ती म्हणाली, "भारतातून अनोळखी लोक मला शाब्बास म्हणून निरोप पाठवतायत. कशाबद्दल? मी सुरक्षित खोलीत बादली घेऊन बसलेय." महिनाभराने गाझातले फोटो बघून तीच म्हणाली, तिकडच्या बाईकडे खोलीही नाही. आत्या काही डाव्या विचारांची वगैरे नाही. तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलेलं नाही, मला अंदाज आहे.

आणि इस्रायलबद्दल भाबडेपणाही नको. आमच्या लोकांच्या लग्नांवर तिथल्या धर्मपीठाने आडकाठी घातली होती, हे यहुदी खरे की नाही अशी शंका काढून. जेरुसलेमला धरणं धरली लोकांनी. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत. कोकणात दोन हजार वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

---

ओसरीवरचा

मलिदाताई, दंडवत. "फोटोत घ्यायचं नाही" हे वाक्य मी वापरणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आता तीच गत पॅलेस्टाइनची झालीय का? बोलावणं आहे, फोटो दुसऱ्याचा.

---

तिरपागडा

फोटोचंच म्हणाल तर १० फेब्रुवारी २०१८, रामल्ला. तिथे जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान मोदी. नेहरू नाही, इंदिरा नाही, राजीव नाही. जॉर्डनच्या हेलिकॉप्टरने गेले, वेस्ट बँकवरची हवाई हद्द इस्रायलच्या ताब्यात, तरी गेले. आदल्या जुलैत इस्रायलला गेले तेव्हा रामल्ला गाळलं म्हणून ओरडणारे इथेच होते. दोन स्वतंत्र दौरे, दोन स्वतंत्र नाती. एकाचं लग्न दुसऱ्याच्या मुहूर्तावर अवलंबून नाही. बेत सहूरला तीन कोटी डॉलरच्या इस्पितळाचा करारही त्याच दौऱ्यात. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला आपण वर्षाला साडेबारा लाख डॉलर द्यायचो, २०१८ पासून ५० लाख देतो. तुमच्या "तत्त्वाच्या" काळापेक्षा चौपट.

---

रोखठोक वाणी

आकडे निघालेच आहेत तर दुसऱ्या पानावरचेही घ्या. हैफा बंदर जानेवारी २०२३ पासून अदानी आणि त्यांच्या इस्रायली भागीदाराकडे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० त भारत-आखात-युरोप मार्गिका जाहीर झाली ती त्याच बंदराकडे जाते. ७ ऑक्टोबरनंतर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने थांबवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये रोहतकला आपल्या गवंड्यांची, सुतारांची भरती. लखनौलाही. ५० लाख डॉलर एका हाताने द्यायचे आणि त्यांच्या गवंड्याची जागा दुसऱ्या हाताने घ्यायची. मी कुणाला दोष देत नाही. ज्याला गावात काम नाही तो युद्धातही जाईल. पण "दोन स्वतंत्र नाती" म्हणू नका. वही एकच आहे.

---

जुनी दप्तरं

ओसरीवरचांचा मूळ प्रश्न, तत्त्व होतं की फायदा, याला एक जुना कागद सापडतो.

जून १९४७ मध्ये आइन्स्टाइनने नेहरूंना पत्र लिहिलं. यहुद्यांच्या राष्ट्राला भारताने पाठिंबा द्यावा, अशी गळ घातली. नेहरूंनी जुलैत उत्तर दिलं. यहुद्यांबद्दल सहानुभूती व्यक्त केली, अरबांच्या हक्कांचं सांगितलं, आणि राष्ट्रांची धोरणं दुर्दैवाने मुळात स्वार्थीच असतात, अशा अर्थाचंही लिहिलं. म्हणजे ज्यांना आपण स्वप्नाळू म्हणतो त्यांना हा हिशेब पहिल्या दिवसापासून ठाऊक होता.

दुसरं. त्याच वर्षी पॅलेस्टाइनचं काय करायचं हे ठरवणाऱ्या अकरा देशांच्या समितीत आपण होतो. आपले प्रतिनिधी सर अब्दुर रहमान. इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर आपण वेगळी शिफारस केली की फाळणी नको, एकच संघराज्य करा, आत अरब आणि यहुदी दोन घटक. ती यहुद्यांनाही नको होती आणि अरबांनाही. २९ नोव्हेंबरला फाळणीच्या बाजूने ३३, विरोधात १३, आपण विरोधात. फाळणीच्या जखमेतून जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी बाहेर आलेला देश दुसरं काय करणार होता?

आणि डिसेंबर १९४७ मध्ये सावरकरांनी पत्रक काढून यहुदी राष्ट्राचं स्वागत केलं, भारताच्या त्या मताचा निषेध केला. त्याआधी नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये गांधींनी लिहिलं होतं की इंग्लंड जसं इंग्रजांचं, फ्रान्स फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं. हा धागा त्या दोन लेखांचीच पुढची पानं आहे. सत्ता बदलली की कुठला लेख वर काढायचा तेवढं बदलतं. त्यातही मोरारजींच्या सरकारने १९७७ मध्ये इस्रायलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांना गुपचूप दिल्लीत बोलावलं आणि रिकाम्या हातानेच परत पाठवलं. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री होते वाजपेयी. त्याच वर्षी रामलीला मैदानावर अरबांची जमीन इस्रायलने सोडली पाहिजे असं जाहीर म्हणालेही तेच. आणि २००३ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एरिअल शेरॉन यांना दिल्लीत आणणारे पंतप्रधानही तेच.

---

संत्रानगरी

तुम्ही लोकं सगळे मतंच मोजून राहिले. माणसं पण मोजा न.

निवृत्त कर्नल वैभव काळे. आमच्या नागपूरचे. लष्करातून लवकर बाहेर पडले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात गाझाला गेले. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये त्यांच्या गाडीवर मारा झाला. गाडीवर निळी अक्षरं होती, झेंडा होता. या युद्धात गाझात मारले गेलेले संयुक्त राष्ट्रांचे ते पहिले परदेशी कर्मचारी. पुण्यात अंत्यसंस्कार झाले. आपल्या परराष्ट्र खात्याने शोक व्यक्त केला, चौकशीसाठी संबंधितांच्या संपर्कात आहोत म्हणाले. मग? मग काय झालं ते तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं? मी पण नाही विचारलं.

१९५६ ते १९६७ आपल्या पलटणी गाझात होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून. १९६० मध्ये नेहरू तिथे जवानांना भेटायला गेले होते. जून १९६७ च्या लढाईत इस्रायली माऱ्यात आपले जवान मेले, तेव्हा संसदेत रान उठलं होतं. कर्नल काळेंच्या वेळी निवडणूक चालू होती. एवढाच फरक पाहून राहिलो मी.

---

तिरपागडा

यावर माझ्याकडे उत्तर नाही. विचारायला हवं होतं. इस्रायल मित्र आहे म्हणूनच जास्त जोरात विचारायला हवं होतं, अमेरिकेने तरी आपल्या माणसांबद्दल विचारलंच.

बाकी मुद्दे कायम.

---

आकडेमोड

@संत्रानगरी, एक पुरवणी. गाझात आपलं काय होतं याची यादी कुणी करत नाही. अल-अझहर विद्यापीठातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. दैर अल-बलाहच्या तंत्र महाविद्यालयातलं महात्मा गांधी ग्रंथालय. १९९६ मध्ये उघडलेली आपली कचेरीही आधी गाझातच होती, २००३ मध्ये रामल्लाला हलवली.

---

फहाहील रिटर्न

तिरपागडा, तुम्ही अराफतबद्दल म्हणालात त्याचं उत्तर राहिलं होतं. साहेबांनीच दिलं होतं ते, त्या ऑगस्टमध्ये. रेडिओवर अराफतचं ऐकून ते म्हणाले, "हा म्हातारा आम्हाला दुसऱ्यांदा निर्वासित करणार." तेव्हा नेत्याच्या मागे डोळे मिटून तेही नव्हते. पुढे ते अम्मानला गेले एवढंच कळलं. माझ्याकडे त्यांचा पत्ता होता. एक पत्र टाकलं, उत्तर नाही आलं. त्या वर्षी मी स्वतः नोकरी शोधत होतो, दुसरं काही टाकलं नाही.

---

काडीसारू

दाणे संपले. काश्मीर अकराव्या प्रतिसादातच आलं, पैज मी जिंकलो. धागाकर्ते, मुलाला काय सांगितलं मग?

---

ओसरीवरचा

अजून काही नाही. "एका वाक्यात" ही त्याची अट आहे.

तिरपागडा, गाझावरचा पुढचा ठराव येईल तेव्हा पुन्हा इथेच. माझी पैज: मुदत घातलेली असेल तर तटस्थ, मग मसुद्यात हमासचं नाव असो वा नसो.

---

तिरपागडा

मान्य. हरलो तर चहा माझ्याकडून, खारीसकट. पण ठराव वाचून पैज लावा काका, बातमीचा मथळा वाचून नको.